टायमर लावून झिंगणे

वेळेचं भान जावं म्हणून जी वस्तू खायची, ती करताना मात्र घड्याळ समोर ठेवून बसावं लागतं. गांजा घातलेल्या ब्राउनी भाजणाऱ्या मंडळींची ही अडचण मला फार आवडते. गांजेकस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो देवळाच्या पारावर चिलीम फुंकत बसलेला बैरागी. जटा वाढलेल्या, आज वार कोणता याच्याशी देणंघेणं नाही. त्या बैराग्याला जाऊन सांगा, "बुवा, ओव्हन आधी पंधरा मिनिटं तापवून घ्यायचा, मग माल ट्रेमध्ये एकसारखा पसरायचा, ११५ अंशांवर चाळीस मिनिटं ठेवायचा आणि मध्ये एकदा ट्रे फिरवायचा." बुवा त्याच पावली संसारात परत जातील. संसारात निदान इतकी शिस्त लागत नाही.

कॅनडात हे सगळं उघड्यावर चालतं. तिथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर झाला आणि बरोबर एक वर्षाने गांजा घातलेल्या खाद्यपदार्थांनाही परवानगी मिळाली. देशाच्या कायद्यानुसार घरटी चार झाडं लावता येतात. आमची लेक टोरांटोजवळ ब्रॅम्प्टनला राहते. उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो की मागच्या अंगणातून शेजारीणबाईंची बाग दिसते. टोमॅटो, झेंडू, पुदिना आणि कडेला ती चार झाडं. बरोबर चार, कायद्यापेक्षा एकही पान जास्त नाही. बाई सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका. गुडघे दुखतात, रात्री झोप येत नाही, म्हणून हा उद्योग.

आमच्या हिने ती झाडं कुंपणावरून पाहिली आणि आनंदाने म्हणाली, "अगंबाई, इथे अंबाडी मिळते!" पानं खरोखरच तशी दिसतात. अंबाडीचं शास्त्रीय नाव ठेवणाऱ्यालाही तसंच वाटलं असावं, कारण त्याने तिला हिबिस्कस कॅनाबिनस म्हणून ठेवलंय. हिची तेवढ्यात मनातल्या मनात भाजी शिजूनही झाली होती. ज्वारीच्या कण्या, वरून लसणाची फोडणी. लेकीने कानात काय ते सांगितलं, तेव्हा ही कुंपणापासून चार पावलं मागे सरकली आणि उगाचच पदर सारखा केला.

मौज अशी की हिने त्या कोवळ्या पानांची कच्ची कोशिंबीर केली असती आणि आम्ही सगळ्यांनी ती वाटीवाटीने खाल्ली असती, तरी जेवणानंतर नेहमीच्या वामकुक्षीपलीकडे विशेष काही घडलं नसतं. हिरव्या झाडात झिंग आणणारं टीएचसी जवळजवळ नसतंच. असतं ते टीएचसीए नावाचं आम्ल, आणि त्याच्या अंगाला कार्बन डायऑक्साइडचं लोढणं बांधलेलं असतं. ते लोढणं सुटेपर्यंत या आम्लाला मेंदूत कोणी विचारत नाही. ते सोडवायला लागते उष्णता. चिलीम ओढणाऱ्याचं हे काम काडी पेटवताक्षणी होतं, त्याला रसायनशास्त्राचं पुस्तक उघडावं लागत नाही. खाणाऱ्याला मात्र आधी भाजावं लागतं. या भाजण्याला शास्त्रीय नाव आहे डिकार्बॉक्सिलेशन, आणि ज्यांना ते रोज करावं लागतं ते घाईत नुसतं "डिकार्ब" म्हणतात. शंभर मिलीग्रॅम आम्ल घेतलं तर फार तर अठ्ठ्याऐंशी मिलीग्रॅम टीएचसी हाती लागतं. उरलेले बारा कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातात.

आता आच किती? साधारण ११० ते १२० अंश सेल्सियस, आणि वेळ अर्ध्या तासापासून तासाभरापर्यंत. आच कमी असेल तर वेळ वाढवायचा, आच जास्त असेल तर कमी करायचा. इथवर आपल्या स्वयंपाकघरातलंच तर्कशास्त्र आहे. पण आच फार वाढली की टीएचसी स्वतःच मोडायला लागतं आणि त्याचं सीबीएन होतं. खाणाऱ्याला म्हणे मग झिंगेऐवजी नुसती पेंग येते. पेंगेसाठी एवढा खर्च करण्यापेक्षा श्रीखंड-पुरी खाऊन लवंडावं, असं माझं मत.

आपल्याकडचं भाजणं सगळं नाकावर चालतं. रवा कधी भाजून झाला? खमंग वास सुटला की. बेसनाचे लाडू करताना तूप कधी सुटतं ते आजी दुसऱ्या खोलीतून सांगायची. पाककृतीच्या पुस्तकांतही 'मंद आचेवर, तांबूस होईपर्यंत' याच्यापुढे कोणी गेलेलं नाही, आणि मंद म्हणजे किती हे विचारणाऱ्या सुनेकडे कशा नजरेने पाहायचं हे सासवांना शिकवावं लागत नाही. या वनस्पतीच्या बाबतीत मात्र नाक दगा देतं. इथे वास सुटणं म्हणजे पदार्थ होत आल्याची खूण नसते. ज्या उडनशील तेलांमुळे झाडाला त्याचा तो वास असतो, ती तेलं घर सोडून निघालेली असतात. वास जितका खमंग, तितकी ट्रेमधली चव कमी.

शेजारीणबाईंनी हा सगळा धडा आमच्या लेकीला कुंपणावरून दिला आणि लेकीने तो आम्हाला मराठीत उतरवून सांगितला. बाईंनी आयुष्यभर पाचवीच्या मुलांना शिकवलेलं. त्यामुळे सांगताना मध्येच थांबून "समजलं का?" असं विचारायच्या. आमच्या जावईबापूंनी अनवधानाने हात वर केला होता.

बाईंचं पहिलं सूत्र असं की ओव्हन खोटं बोलतो. मला हे पटायला वेळ लागला. यंत्रावर आकडा लिहिलाय म्हणजे तो खरा, अशी आमच्या पिढीची समजूत. पण घरगुती ओव्हनमध्ये जो आकडा दिसतो, ती त्या ओव्हनची इच्छा असते. आतली वस्तुस्थिती वेगळी. कॉइल तापते, आकड्याच्या वर जाते, बंद पडते. मग उष्णता आकड्याच्या खाली घसरते आणि कॉइल पुन्हा पेटते. म्हणजे ओव्हन १२० म्हणतो तेव्हा तो कधी १०५ वर असतो, कधी १३५ वर, आणि सरासरी मात्र छातीठोकपणे १२० सांगतो. त्यातून मागचा कोपरा नेहमी जास्त तापलेला. दार उघडून आत डोकावलं की सगळा हिशोब पहिल्यापासून. ब्रेड भाजताना हे चढउतार खपून जातात. ब्रेडला कोपरा थोडा लाल झाल्याचं वाईट वाटत नाही. पण ज्या वस्तूची कामगिरी पंधरावीस अंशांच्या पट्ट्यात उरकायची आहे, तिच्या बाबतीत इकडे कच्चं आणि तिकडे करपलेलं असा प्रकार एकाच ट्रेमध्ये घडतो.

यावर उपाय म्हणून बाजारात वेगळा ओव्हन थर्मामीटर मिळतो. तो आतल्या जाळीला टांगायचा आणि काचेतून वाचायचा. म्हणजे एक यंत्र खोटं बोलतंय का हे पाहायला दुसरं यंत्र. बाईंकडे असे दोन होते आणि त्या दोघांचं आपसांत पटत नव्हतं. एक २४० म्हणायचा तेव्हा दुसरा २५५ वर ठाम. बाई दोघांची सरासरी काढायच्या. पाचवीच्या वर्गात भांडणं मिटवायची हीच पद्धत असणार.

२४० वाचून दचकू नका, हे फॅरनहाइट आहेत. कॅनडा हा देश मापांच्या बाबतीत दोन दगडांवर पाय ठेवून उभा आहे. बाहेरची थंडी सेल्सियसमध्ये, रस्ता किलोमीटरमध्ये, माणसाची उंची फुटांत आणि ओव्हन फॅरनहाइटमध्ये. बातम्यांत सांगतात उणे अठरा, आणि त्याच घरातल्या स्वयंपाकघरात केक साडेतीनशेवर भाजत असतो. नवखा माणूस गोंधळणारच.

आमची ही नानकटाईत वाकबगार. लहानपणी दिवाळीच्या आधी रवा, मैदा, पिठीसाखर आणि तूप डब्यांत भरून बेकरीत नेणाऱ्यांपैकी. तिथे फळीवर बसून आपणच गोळे वळायचे, पत्र्याच्या ट्रेवर आपल्या नावाची चिठ्ठी ठेवायची आणि आपली नानकटाई शेजारच्यांच्या ट्रेमध्ये जात नाही ना यावर नजर ठेवायची. भट्टीवाला भट्टीच्या तोंडाशी क्षणभर हात धरायचा आणि एक तर ट्रे आत सरकवायचा, नाहीतर "थांबा जरा" म्हणायचा. त्या भट्टीला आकडेच नव्हते, त्यामुळे तिला खोटं बोलण्याची सोयही नव्हती. पुढे घरात ओटीजी आला आणि हिने १८० हा आकडा जन्माचा पाठ केला. लेकीच्या घरी तिने तोच १८० लावला. वीस मिनिटं झाली, नानकटाई जशीच्या तशी. चाळीस मिनिटं झाली, नुसतं तूप पसरलं. तासाभराने हिने एक उचलून पाहिली तर बोटाचा ठसा उमटला. १८० फॅरनहाइट म्हणजे ८२ सेल्सियस. त्यावर पाणीसुद्धा उकळत नाही. "आई, अगं विचारायचं तरी," लेक म्हणाली. ही म्हणाली, "ओव्हनला काय विचारायचं असतं?"

नानकटाई आकडा वाढवून पुन्हा भाजली आणि बरी झाली. उलट चूक झाली तर मात्र इलाज नाही. कॅनडाचा २४० हा आकडा इंग्लंडमधल्या एखाद्या होतकरूने आपल्या सेल्सियसच्या ओव्हनवर लावला, तर चाळीस मिनिटांनी ट्रेमध्ये कोळसा मिळेल आणि धुराचा अलार्म वाजून अग्निशामक दल दारात उभं राहील. ज्या देशात हा माल कायदेशीर नाही, तिथे त्या दलाला काय सांगायचं याची तयारी आधी करून ठेवलेली बरी.

वासाचं दुसरं अंगही सांगायला हवं. डिकार्ब चालू असताना जो दरवळ सुटतो, तो चाळीमध्ये सुकट भाजल्यावर सुटतो त्याच इमानाने चारी दिशांना जातो. खिडक्या लावल्या तरी दाराच्या फटीतून, दारं लावली तरी नळ्यांच्या भोकांतून. शाकाहारी शेजाऱ्यांची जी चलबिचल आपण पाहिलेली असते, तीच तिथे वेगळ्या कारणाने होते. आमच्या शेजारीणबाई पडल्या सभ्य. त्या आदल्या दिवशी कुंपणालगतच्या घरांच्या दारात चिठ्ठी टाकून जायच्या: उद्या दुपारी दोन ते चार ओव्हन चालू राहील, गैरसोयीबद्दल क्षमस्व. पुण्यात पाणी बंद राहणार असल्याची सूचनाही इतक्या नम्रतेने मिळत नाही. जावईबापू त्या दिवशी मुलांना घेऊन वाचनालयात जायचे. आम्ही दोघं मात्र घरीच थांबायचो. कुतूहल, दुसरं काय.

भाजून झालेला माल मग लोण्यात घालून मंद आचेवर तास-दोन तास ठेवायचा. टीएचसी पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. म्हणूनच आपल्याकडची भांग ठंडाईत, म्हणजे दूध-मलई-बदामात घोटतात. हे ज्याने पहिल्यांदा ठरवलं त्याला रेणू-बिणू काही माहीत नव्हतं. त्याने बहुतेक आधी पाण्यात करून पाहिली असेल.

यानंतर येते खरी ब्राउनी, आणि नवख्यांची दुसरी घाबरगुंडी. ब्राउनी भाजायची १७५ अंश सेल्सियसला. मग ११५ वर इतकं जपून आणलेलं सगळं १७५ वर उडून नाही का जाणार? नाही जाणार, कारण ओव्हन १७५ वर असला तरी ब्राउनीचं पोट १७५ वर नसतं. पिठात पाणी असतं, अंडी असतात, आणि पाणी आहे तोवर आतली आच शंभरीच्या पुढे सरकत नाही. वरची साल आणि कडा तेवढ्या तापतात. बाईंनी हे सांगितल्यावर हिने मान डोलावली. वाफेचं ढोकळ्याला कळतं ते हिला कळायला अवघड नव्हतं. म्हणजे ओव्हनचा आकडा जिथे सगळ्यात जास्त दिसतो तिथेच त्याची भीती सगळ्यात कमी, आणि जिथे तो निरुपद्रवी दिसतो तिथे सगळा खेळ.

खरी गोम ढवळण्यात असते. लोणी पिठात एकसारखं मिसळलं नाही तर एका तुकड्यात काहीच नाही आणि शेजारच्या तुकड्यात तिघांचा वाटा. सत्यनारायणाच्या शिऱ्यात सगळी केळी एकाच द्रोणात गेली तर फार तर कुरबूर होते. इथे ज्याच्या वाट्याला तो द्रोण येतो तो रात्रभर छताकडे बघत राहतो. ओव्हन कितीही अचूक असला तरी चमचा चुकीचा चालला की सगळं पाण्यात.

आता थोडा इतिहास, कारण तोही ओव्हनच्या बाबतीत मोठा थट्टेखोर आहे. या पदार्थाची जगातली सगळ्यात गाजलेली पाककृती छापून आली १९५४ मध्ये, ॲलिस बी. टोकलस यांच्या पाककलेच्या पुस्तकात. लेखिका गरट्रूड स्टाइन यांच्या त्या जन्माच्या सोबतीण. पॅरिसमधल्या त्यांच्या घरी पिकासोसारखी मंडळी जेवायला असायची. स्टाइनबाई गेल्यावर टोकलसबाईंनी पुस्तक लिहायला घेतलं. पाककृती कमी पडल्या म्हणून मित्रांकडून मागवल्या आणि ब्रायन गायसिन या चित्रकाराने 'हशीश फज' पाठवून दिला. सत्तरी ओलांडलेल्या बाईंनी बहुधा ते बारकाईने न वाचताच छापायला दिलं. इंग्लंडच्या आवृत्तीत छापून आलं, अमेरिकेच्या प्रकाशकाने मात्र घाबरून गाळलं. त्यात काळी मिरी, जायफळ, दालचिनी, धणे, खजूर, अंजीर, बदाम, लोणी, साखर आणि तो पाला कुटून. आपला डिंकाचा लाडूच, फक्त डिंकाच्या जागी दुसरं काही. आणि गंमत म्हणजे हा प्रकार भाजायचाच नाही! ज्या नावावर जगभर ब्राउनी खपल्या, त्या मूळ पाककृतीत ओव्हनचा संबंधच नव्हता. पुढे १९६८ मध्ये पीटर सेलर्सचा चित्रपट आला, त्याच्या नावातच टोकलसबाई होत्या, आणि त्यात लोक ब्राउनी खाऊन तरंगले. तेव्हापासून सगळं श्रेय ब्राउनीला गेलं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या मेरी जेन रॅथबन मात्र खऱ्या अर्थाने ओव्हनच्या. लोक त्यांना 'ब्राउनी मेरी' म्हणत. हॉटेलात वेट्रेस म्हणून आयुष्य काढलेल्या, आणि घरी ब्राउनी भाजून विकणाऱ्या. १९८१ मध्ये पोलिसांनी पकडलं, न्यायाधीशाने समाजसेवेची शिक्षा दिली. ती शिक्षा भोगताना त्यांची गाठ एड्सच्या रुग्णांशी पडली. ज्यांना अन्न जात नव्हतं, औषधं पोटात ठरत नव्हती, अशी तरणी मुलं. बाईंनी त्यांच्यासाठी पुन्हा ओव्हन पेटवला, म्हणजे शिक्षेचा परिणाम शिक्षा देणाऱ्याला अपेक्षित होता त्याच्या बरोबर उलटा झाला. पुन्हा अटक, पुन्हा सुटका. १९९२ मध्ये शहराने २५ ऑगस्ट हा दिवस त्यांच्या नावाने साजरा केला. पाककृतीचं पुस्तकही त्यांनी काढलं, पण आपली ब्राउनी काही त्यात दिली नाही. कायदा बदलला तर तयार पिठं विकणाऱ्या कंपनीला ती विकेन, असं त्यांचं म्हणणं. आमच्या एका मावशींनी पुरणपोळीचं प्रमाण असंच कोणाला दिलं नाही, पण त्यांचा पोलिसांशी कधी संबंध आला नव्हता.

शास्त्रज्ञांनीही हा केक खाल्लेला आहे. टीएचसी शुद्ध रूपात वेगळं केलं ते राफाएल मेशूलम आणि येहिएल गाओनी यांनी, १९६४ मध्ये, इस्रायलमध्ये. अभ्यासाला माल हवा म्हणून मेशूलम सरळ पोलिसांकडे गेले, त्यांच्याकडून जप्तीतलं पाच किलो हशीश घेतलं आणि पिशवीत घालून बसने परत आले. बसमधले प्रवासी कसला वास येतोय म्हणून चौफेर बघत होते. पुढे कळलं की पोलिसांना ते द्यायचा अधिकार नव्हता आणि यांना घ्यायचा. मग माफी मागून प्रकरण मिटलं. शुद्ध टीएचसी हाती आल्यावर ते माणसावर काय करतं हे पाहायला त्यांनी मित्रांना घरी बोलावलं. पत्नी दालिया यांनी केक केला. दहा जण. पाच जणांच्या तुकड्यांत दहा-दहा मिलीग्रॅम, पाच जणांच्या तुकड्यांत काही नाही. एकाला सारखं हसू. एकाचं म्हणणं, मला काहीच होत नाहीये, आणि हे सांगताना तो बोलायचा थांबेना. कोणाला भीती वाटली. एकच केक आणि एकच प्रमाण, पण पाच माणसांच्या पाच तऱ्हा. इथे माल आधीच शुद्ध टीएचसी होता, त्यामुळे त्याला भाजून जागं करण्याचा प्रश्नच उरला नव्हता. ओव्हन निर्दोष सुटला.

खाल्ल्यावरचा घोळ ओव्हनच्या पलीकडचा आहे, पण तोही आचेइतकाच संयमाचा. धूर ओढला तर मिनिटांत कळतं. खाल्लेलं आधी पोटात जातं, मग यकृतात जातं, तिथे त्याचं आणखी जोरकस रूप तयार होतं आणि मग स्वारी मेंदूकडे निघते. अर्धा तास ते दोन तास. या दोन तासांत माणूस स्वतःला विचारतो, "काहीच कसं होत नाही?" आणि दुसरा तुकडा खातो. जगातले या विषयावरचे सगळे विनोद आणि सगळे तातडीचे फोन याच दुसऱ्या तुकड्यातून जन्मले आहेत.

२०१४ मध्ये कोलोरॅडो राज्यात विक्री खुली झाली, तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या स्तंभलेखिका मॉरीन डाउड डेन्व्हरला गेल्या आणि हॉटेलच्या खोलीत चॉकलेटचा बार कुरतडत बसल्या. पुढचे आठ तास पलंगावर मुटकुळं करून पडल्या, आणि आपण मेलोय आणि कोणी सांगत नाहीये, असं त्यांना वाटत राहिलं. नंतर कळलं की नवख्याने त्या बारचे सोळा तुकडे करून एक खायचा असतो. त्याहून नामी प्रकरण मिशिगनमधल्या डिअरबॉर्नचं, २००६ मधलं. एका पोलिसाने जप्तीतला माल घरी आणला आणि नवराबायकोने ब्राउनी भाजून खाल्ल्या. मग त्यानेच तातडीच्या क्रमांकावर फोन केला. आम्ही मरतोय बहुतेक, वेळ फारच हळू चाललाय, अशी तक्रार. आणि आपल्याला भास तर होत नाहीये ना, हे ताडून पाहायला त्याने रेड विंग्ज या हॉकी संघाच्या सामन्याचा स्कोअर विचारला. पोलिसी नोकरीत पुरावा तपासायची सवय किती खोल मुरते पाहा. त्याला राजीनामा द्यावा लागला, खटला मात्र झाला नाही.

कॅनडाने हे सगळं पाहून एका पाकिटात दहा मिलीग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी घालायला बंदी केली. दुकानातल्या ब्राउनीचा बेत मग असा की खोकं हातभर, त्यात प्लॅस्टिक, त्यात चांदीचा कागद आणि त्यात जेमतेम सुपारीएवढा तुकडा. मुलांना उघडता येऊ नये म्हणून पाकीट असं की सांधेदुखीच्या आमच्या शेजारीणबाईंनाही उघडता येत नाही. म्हणूनच त्या घरी भाजतात. भाजून झालं की सगळं कुलपाच्या डब्यात, आणि डब्यावर पाचवीच्या फळ्यावरच्या अक्षरात 'औषध' असं लिहिलेलं. एवढी शिस्त पाहून ही म्हणाली, "इतकं सगळं करून मिळतं काय, तर झोप. आमच्याकडे दुपारी कीर्तन लावतात."

आपल्या देशात या पदार्थाची आच वेगळ्याच ओव्हनमध्ये ठरते. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. फुलोऱ्याशिवायची नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येतून बाहेर, म्हणूनच बनारसला सरकारी परवान्याच्या दुकानात भांगेची गोळी मिळते. महाराष्ट्रात भांगेवर दारूबंदी कायद्याचा लगाम आहे. महाशिवरात्रीला ठंडाईत ती येते तेव्हा तिने ओव्हन पाहिलेलाच नसतो. पानं वाळवायची, धुवायची, उकळायची आणि पाट्यावर घोटायची. उकळत्या पाण्याच्या शंभर अंशांवर काम अर्धवटच होतं, आणि मुळात पानात ऐवजही कमी. शंकराचा भक्त दुसऱ्या दिवशी कामावर जातो तो या दोन कारणांनी.

फुलोरा किंवा चरस पिठात मिसळला की मात्र गोष्ट बदलते. कायद्याच्या व्याख्येत मिश्रणही येतं. जून २०२१ मध्ये मुंबईत मालाडच्या एका बेकरीवर एनसीबीने, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाने, धाड घातली आणि ८३० ग्रॅम ब्राउनी जप्त केल्या. पुढच्याच महिन्यात माझगावला दहा किलो. आता वजन कशाचं धरायचं? आत असलेल्या शुद्ध मालाचं, की मैदा, साखर, लोणी सगळ्यासकट? सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात सांगितलं की सगळ्या मिश्रणाचं. चरसाच्या बाबतीत एक किलोच्या वर गेलं की व्यावसायिक प्रमाण, आणि त्याला किमान दहा वर्षं सक्तमजुरी. म्हणजे पंधरा-वीस माणसांच्या वाढदिवसाला आपण जो किलोभराहून थोडा मोठा केक सांगतो, त्यात कोणी चिमूटभर चरस मिसळला, तर वजनकाट्यावर मैदा, अंडी, साखर, कोको, वरची चेरी असे सगळेच आरोपी म्हणून चढतात. अक्रोडांतर्फे कोणी वेगळा वकील दिल्याचं अजून ऐकिवात नाही.